सबसिडी संपली, प्रीमियम वाढला: दोष नक्की कोणाचा?

प्लेनोकर | १४ नोव्हेंबर २०२५

अमेरिकन सरकारचं कामकाज बंद पाडणारा शटडाऊन परवा रात्री एकदाचा संपला. विमानं, फूड स्टँप्स (गरिबांना अन्नासाठीची सरकारी मदत), अडकलेले पगार, सगळ्याच्या बातम्या झाल्या. पण ज्या कारणासाठी ४३ दिवस सरकार बंद होतं ते कारण, म्हणजे हेल्थ इन्शुरन्सची सबसिडी, आहे तसंच लोंबकळतंय, आणि ते टेक्सासमधल्या आमच्या घरात लोंबकळतंय म्हणून हा धागा काढते.

नवरा ६१ वर्षांचा, मी ५८. ले-ऑफनंतर तो स्वतंत्र कन्सल्टिंग करतो, माझं घरगुती डब्यांचं काम आहे. दोघांचं मिळून वर्षाला साधारण ९० हजार होतात. कंपनी नाही, त्यामुळे इन्शुरन्स मार्केटप्लेसवरून, म्हणजे ओबामाकेअरचा. या वर्षापर्यंत नियम असा की ठरावीक सिल्व्हर (मधल्या दर्जाच्या) प्लॅनसाठी उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांहून जास्त तुम्ही भरायचं नाही, वरचं सरकार भरणार. आम्हाला महिन्याला साडेसहाशेच्या आत पडत होतं. ती वाढीव सबसिडी या वर्षाअखेर संपतेय. पुढच्या वर्षीसाठी साइट उघडली तर तोच प्लॅन, तेच डॉक्टर, महिन्याला २,३०० डॉलर! डिडक्टिबल, म्हणजे इन्शुरन्स लागू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम, वेगळा.

मंडळाच्या दिवाळीत हा विषय निघाला आणि जेवणाच्या टेबलावर सरळ दोन तट पडले. एक म्हणे रिपब्लिकनांनी सबसिडी मारली. दुसरा म्हणे डेमोक्रॅट्सनीच कायद्यात २०२५ची तारीख घातली होती. गंमत म्हणजे तावातावाने बोलणारे दोघेही कंपनीच्या इन्शुरन्सवाले. आम्ही श्रीखंड वाढत होतो.

प्रश्न दोन. दोष कोणाचा? आणि आम्ही करायचं काय? पहिल्याचं उत्तर नाही मिळालं तरी चालेल, दुसऱ्याचं द्या.

गप्पू

पहिला नंबर! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. तात्यांना कोणीतरी निरोप द्या.

जर्सीची_जाई

प्लेनोकर, पहिल्या प्रश्नात गोंधळ होण्यासारखं काहीच नाही. या ४ जुलैला ट्रम्पनी मोठ्या कायद्यावर सही केली. त्यात २०१७ची करकपात कायम झाली. त्याच कायद्यात दोन ओळी घालून या सबसिडीची मुदत वाढवता आली असती. ती वाढवली नाहीच, उलट मेडिकेडला, म्हणजे गरिबांच्या सरकारी विम्याला, कात्री लावली. हा निर्णय कोणाचा? हाउस आणि सीनेट ही संसदेची दोन्ही सभागृहं त्यांची, राष्ट्राध्यक्ष त्यांचा.

आणि पर्याय काय देताहेत? २०१७ मध्ये म्हणाले, रद्द करून काहीतरी उत्तम आणतो. २०२४च्या सप्टेंबरात कमला हॅरिसबरोबरच्या डिबेटमध्ये विचारलं तर उत्तर काय, आमच्याकडे योजनेच्या संकल्पना आहेत. आठ वर्षं झाली, संकल्पनाच सुरू आहेत. जॉर्जियाच्या मार्जरी टेलर ग्रीनबाई तर डेमोक्रॅट नाहीत ना? त्यांनीसुद्धा ऑक्टोबरात जाहीर सांगितलं की माझ्या मोठ्या मुलांचे प्रीमियम दुप्पट होणार आहेत आणि आपल्या पक्षाकडे यावर काही नाही.

टेक्सासतात्या

बोलावलंत, आलो.

जाईताई, अर्धीच गोष्ट सांगता. ही वाढीव सबसिडी आली २०२१ मध्ये, कोविडच्या नावाखाली. २०२२ मध्ये मुदत वाढवली ती फक्त डेमोक्रॅट्सच्या मतांनी, आणि तारीख घातली २०२५ची. तेव्हा कायमची का नाही केली? कारण कायमची केली असती तर हिशेबात खरा खर्च दिसला असता. काँग्रेसच्याच, म्हणजे इथल्या संसदेच्याच, बजेट ऑफिसने आता सांगितलंय, दहा वर्षांचे ३५० अब्ज डॉलर. कमी पैशात बसवायचं म्हणून मुदत घालायची आणि मुदत संपली की दुसऱ्याच्या नावाने बोंब मारायची.

मूळ कायदाच बघा. मार्च २०१०, हाउसमध्ये २१९ विरुद्ध २१२. एकही रिपब्लिकन मत नाही. देशाच्या अर्थव्यवस्थेचा सहावा हिस्सा एकट्याच्या जोरावर बदलायला निघालात, तर दुसरा पक्ष त्याची राखण का करेल?

"तुमचा प्लॅन आवडत असेल तर तो तुमच्याकडेच राहील" हे ओबामांचं वाक्य आठवतंय? माझा आवडत होता. २०१३च्या शरदात पत्र आलं की हा प्लॅन नवीन नियमांत बसत नाही, बंद. नवीन घेतला तो महाग, नेटवर्क (त्यात चालणारे डॉक्टर) निम्मं, आणि त्यात मातृत्वाचं कव्हर. मी तेव्हा ५४ वर्षांचा होतो हो!

गप्पू

तात्या, मातृत्वाचं कव्हर वापरलंत का नाही शेवटी?

टेक्सासतात्या

गप्पू, जा, अभ्यास कर.

डॉ_काडेचिराईत

लुइव्हिलमध्ये प्रॅक्टिस करते, राजकारणात पडत नाही. पण जे रोज दिसतं ते लिहिते.

केंटकीने २०१३ मध्ये स्वतःचं पोर्टल काढलं, नाव ठेवलं कायनेक्ट. राज्य कट्टर लाल, म्हणजे रिपब्लिकन. तेव्हा माझ्याकडे खाण भागातून आलेले एक गृहस्थ यायचे. फुप्फुसं खराब, आयुष्यात पहिल्यांदा इन्शुरन्सचं कार्ड हातात. तपासताना मला सांगायचे, "डॉक्टर, ते ओबामाकेअर देशाचं वाटोळं करणार बघा. बरं झालं मला कायनेक्ट मिळालं." मी स्टेथोस्कोप लावून गप्प. काय सांगणार? पुढे एका गव्हर्नरने कायनेक्ट गुंडाळलं, दुसऱ्याने परत आणलं. कार्डावरची नावं बदलली, रोगी तेच.

२०१० आधी कसं होतं हे नव्याने आलेल्यांना माहीत नसेल. स्वतःचा इन्शुरन्स घ्यायला गेलात की आधी फॉर्म. मधुमेह? नाही. कॅन्सर होऊन गेलाय? नाही. दम्याला नाही, काही ठिकाणी नुसत्या गरोदरपणालाही नाही. आता तो नकार देता येत नाही, वय आणि तंबाखू सोडून प्रकृतीवरून दर बदलता येत नाही, आणि ज्येष्ठाला तरुणाच्या तिपटीहून जास्त लावता येत नाही. तात्यांचा जुना प्लॅन स्वस्त का होता? कारण आजारी माणसं दाराबाहेर उभी होती.

आता दुसरी बाजू. कायद्याने कार्ड दिलं, डॉक्टर दिला नाही. स्वस्त प्लॅनचं नेटवर्क एवढंसं. माझ्या ऑफिसात दोन बायका दिवसभर फक्त प्री-ऑथचे, म्हणजे उपचाराआधी कंपनीची परवानगी मागायचे, फोन करतात. एमआरआय हवा तर आधी सहा आठवडे फिजिओथेरपी करून दाखवा. २०२५ मध्ये आम्ही अजून फॅक्स वापरतो, हे पुण्यातल्या माझ्या पुतणीला खोटं वाटतं.

उंटावरचा_शहाणा

डॉक्टर, +१. फॅक्सच्या आवाजाने आमच्या पिढीचा तरुणपणा आठवतो म्हणून ठेवलाय तो.

शनवारपेठी

एवढं वाचून माझंच बीपी वाढलं. क्लेम कुठे करायचा?

एक भाबडी शंका. ६५ झाल्यावर तिथे सगळ्यांना सरकारी मेडिकेअर मिळतं म्हणे, आणि तात्यांसारखे लोक त्याला हातही लावू देत नाहीत. मग ६५च्या आधी तेच सरकार समाजवादी कसं काय होतं?

टेक्सासतात्या

पेठेतून तोफ आली. अहो, मेडिकेअरसाठी मी आयुष्यभर पगारातून कापून दिलंय. ते माझे पैसे आहेत.

जर्सीची_जाई

तात्या, तुम्ही दिलेले पैसे तेव्हाच्या म्हाताऱ्यांवर खर्च झाले. तुमचे पैसे आता माझ्या पगारातून जाताहेत. यू आर वेलकम :)

शनवारपेठी, २००९च्या उन्हाळ्यात खासदारांच्या सभांमध्ये लोक उठून ओरडत होते की माझ्या मेडिकेअरपासून सरकारचे हात लांब ठेवा. त्याच ऑगस्टमध्ये रिपब्लिकन नेत्या सारा पेलिननी "डेथ पॅनल"ची आवई उठवली. विधेयकात काय होतं? शेवटच्या आजारात काय हवं याची डॉक्टरशी चर्चा केली तर डॉक्टरला फी मिळेल, एवढंच. ते कलम काढूनच टाकावं लागलं.

पिंपळपार

सध्याच्या पक्षांपाशीच थांबलात तर ही भानगड कळणार नाही, म्हणून जरा मागून येतो. लांबलं तर स्क्रोल करा.

१९४२, युद्ध चालू. सरकारने पगारवाढीवर बंदी घातली, पण इन्शुरन्ससारख्या सवलतींना मोकळीक ठेवली. कामगार मिळेनात, पगार वाढवता येईना, मग कंपन्या इन्शुरन्स देऊ लागल्या. पुढे १९५४च्या करकायद्याने पक्कं झालं की कंपनी तुमच्या इन्शुरन्ससाठी जे भरते त्यावर तुम्हाला कर नाही. नोकरी आणि आजारपण यांची गाठ मारली गेली ती अशी. कोणी बसून ठरवलेलं धोरण नव्हतं ते.

राष्ट्राध्यक्ष ट्रूमननी १९४५ मध्ये राष्ट्रीय विमा मागितला. डॉक्टरांच्या संघटनेनेच समाजवाद म्हणून हाणून पाडला. १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी मेडिकेअरवर सही केली ती मुद्दाम ट्रूमनच्या गावी, मिसूरीतल्या इंडिपेंडन्सला जाऊन, आणि म्हाताऱ्या ट्रूमनना शेजारी बसवून. निक्सन रिपब्लिकन, त्यांनी १९७४ मध्ये कंपन्यांवर सक्तीची योजना मांडली, डेमोक्रॅट्सना ती अपुरी वाटली. आज तीच योजना मांडली तर निक्सनना डावे म्हणून पक्षातून काढतील. १९९३ मध्ये हिलरींची योजना आली, ती मतदानालाही पोचली नाही.

आणि सगळ्यात मजेशीर भाग. प्रत्येकाने इन्शुरन्स घेतलाच पाहिजे, नाहीतर दंड, ही ओबामाकेअरमधली सगळ्यात बदनाम कल्पना. ती १९८९ मध्ये मांडली होती हेरिटेज फाउंडेशनने, म्हणजे उजव्यांच्याच विचारमंचाने. २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये ती अमलात आणली मिट रॉम्नींनी. सहा वर्षांनी तेच रॉम्नी राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले आणि पहिल्याच दिवशी ओबामाकेअर मोडीत काढायला सुरुवात करतो म्हणाले.

तर प्लेनोकर, तुमच्या दिवाळीच्या टेबलावरचे ते दोघे. कंपनीचा फॅमिली प्लॅन २०२५ मध्ये वर्षाला सरासरी २७ हजार डॉलरच्या घरात जातो. त्यातले सात हजारांच्या आत कामगार भरतो, उरलेले कंपनी. त्या विसेक हजारांवर एक पैसा कर नाही. ही सबसिडी नाही तर काय आहे? ज्याचा पगार मोठा त्याला जास्त, कारण त्याचा कर वाचतो. तिला संपण्याची तारीख नाही, तिच्यासाठी सरकार बंद पडत नाही, तिच्यावर मंडळात भांडण होत नाही. डबेवालीला मिळणारी तेवढी खैरात, आणि आयटीवाल्याला मिळतो तो पगाराचा भाग!

बेंचवरचा

पिंपळपार, जखमेवर मीठ. एच-१बीवर आहे, मागच्या वर्षी प्रोजेक्ट संपलं तेव्हा कोब्राचं (नोकरीनंतर इन्शुरन्स चालू ठेवायच्या सोयीचं) पत्र आलं. तोच इन्शुरन्स, फक्त कंपनीचा वाटाही आता मी भरायचा. तो आकडा बघून पहिल्यांदा कळलं की कंपनी काय भरत होती.

टेक्सासतात्या

पिंपळपार, इतिहास मान्य. मग ती करसवलत सगळ्यांची काढा आणि प्रत्येकाला सारखा टॅक्स क्रेडिट द्या, ज्याला जो प्लॅन हवा तो घेऊ दे. २००८ मध्ये आमचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार मॅकेननी नेमकं हेच मांडलं होतं. तेव्हा ओबामांच्या जाहिराती काय होत्या? मॅकेन तुमच्या इन्शुरन्सवर कर लावणार! जाई, बोला.

जर्सीची_जाई

बोलते. ती जाहिरात होती, बरोबर. पण मॅकेनच्या योजनेत डॉक्टरांनी वर लिहिलेल्या रुग्णांना, म्हणजे कॅन्सर होऊन गेलेल्यांना, इन्शुरन्स कोण देणार याचं धड उत्तर नव्हतं. क्रेडिट हातात घेऊन ते त्याच बंद दारापाशी उभे राहिले असते. आत्ता ट्रम्प म्हणताहेत ना, कंपन्यांना पैसे न देता थेट लोकांच्या खात्यात टाका, त्याची अडचणही तीच आहे.

आणि मॅकेनचं नाव काढलंत तर २८ जुलै २०१७ची रात्रही आठवा. मी जागी होते. दीड वाजायला आलेला, त्याच महिन्यात मेंदूच्या कॅन्सरचं निदान झालेलं, डोळ्यावर टाके, आणि ते सीनेटमध्ये चालत आले, हात पुढे केला आणि ओबामाकेअर मोडणाऱ्या बिलाला अंगठा खाली. ४९-५१. कॉलिन्स आणि मर्कोव्स्की या दोन रिपब्लिकन सीनेटरांनी आधीच विरोध केला होता, पण नाव मॅकेनचं झालं.

टेक्सासतात्या

ज्या माणसाला २००८ मध्ये तुम्ही युद्धखोर म्हणत होतात, त्याच्या अंगठ्याचा आता फोटो लावता. छान.

मुक्ता_टोरांटो

सीमेपलीकडून नमस्कार. इथे प्रीमियम नाही, बिल नाही, नोकरी गेली तरी कार्ड तेच. हे आमच्याकडेही गोडीगुलाबीने आलेलं नाही. १९६२ मध्ये सास्काचेवानमध्ये सरकारी विमा सुरू झाला त्या दिवशी डॉक्टर संपावर गेले, २३ दिवस.

पण स्वर्ग समजू नका. सासूबाईंच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी इतकी वाट पाहिली की मध्ये त्यांचा दुसरा गुडघा तयार झाला. फॅमिली डॉक्टर मिळणं म्हणजे लग्न जमवण्यासारखं, ओळखीपाळखीतून. शेवटी ऑपरेशन झालं, उत्तम झालं, बिल शून्य. हॉस्पिटलच्या पार्किंगला मात्र नवऱ्याने जे पैसे मोजले त्यावरून तो अजून धुसफुसतो.

गप्पू

म्हणजे कॅनडात गाडीचा इन्शुरन्स हवा, माणसाचा नको. हाकानाका.

पोटोमॅकच्या_काठी

सरकारी कंत्राटावर काम करतो, मेरीलँड. मी दरवेळी डेमोक्रॅट्सना मत देतो, म्हणून हे लिहायचा मला जास्त हक्क आहे. ४३ दिवस. सरकारी नोकरांना मागचा पगार मिळतो, आम्हा कंत्राटवाल्यांना त्याची हमी नसते. घराचा हप्ता क्रेडिट कार्डावर ढकलला. वाटलं, चला, लोकांच्या इन्शुरन्ससाठी आहे, सोसू. आणि शेवटी काय? सीनेटमधले आठ जण, सात डेमोक्रॅट आणि एक अपक्ष, रिपब्लिकनांच्या बाजूने गेले, ६०-४०ने बिल पास. हातात काय पडलं? सबसिडीवर डिसेंबरमध्ये मतदान घेऊ, असा शब्द. मतदान घेऊ म्हणाले, पास करू म्हणाले नाहीत.

लढायचंच नव्हतं तर सुरुवात कशाला केलीत? आणि लढायचं होतं तर फूड स्टँप्स अडकल्यावर काय होणार हे आधी दिसलं नव्हतं?

जर्सीची_जाई

काठी, तुमचा राग समजतो. पण त्या ४३ दिवसांत देशातल्या प्रत्येक वाहिनीवर प्रीमियम हा शब्द आला. एरवी प्लेनोकरांचा आकडा प्लेनोकरांनाच माहीत असता.

पोटोमॅकच्या_काठी

वाहिन्यांवर शब्द आला म्हणून माझी बँक हप्ता सोडत नाही.

उंटावरचा_शहाणा

निवडणुकांचं बघा. २०१० मध्ये याच कायद्यावरून डेमोक्रॅट्सनी हाउसमधल्या ६३ जागा घालवल्या. २०१८ मध्ये याच कायद्याला वाचवतो म्हणून चाळीसच्या आसपास जागा कमावल्या. कायदा तोच! जे मिळवायचं असतं त्याची लोकांना भीती वाटते, मिळालं की ते जाण्याची भीती वाटते. २०२६च्या नोव्हेंबरात कोणती भीती चालेल ते आत्ताच सांगतो: ज्याचं बिल जानेवारीत येईल ती.

टेक्सासतात्या

शहाणे, उंटावरून उतरा. मार्केटप्लेसवर माणसं वाढली हे खरं, २०२१ मध्ये १ कोटी २० लाख होती ती यंदा २ कोटी ४० लाखांवर गेली. पण त्यातल्या कितीजणांना आपण नोंदवलेले आहोत हे माहीत होतं? शून्य प्रीमियमच्या प्लॅनमध्ये एजंटांनी परस्पर नावं घातली, कमिशन खाल्लं, सबसिडी थेट कंपनीला. पॉलिसीधारकाला पत्ताच नाही. यावर बायडन सरकारनेच एजंटांवर कारवाई केली होती.

डॉ_काडेचिराईत

ते प्रकार झाले आहेत, तात्या. चोर एजंट पकडा की. पण चोरी एजंटने केली आणि सबसिडी गेली प्लेनोकरांची, हा न्याय कुठला?

बेंचवरचा

एक विचारू? या धाग्यावर किती जणांना इथे मत आहे? मला नाही. माझ्या ऑफिसातल्या अर्ध्या मराठी पोरांना नाही. पण व्हॉट्सॲपवर सगळ्यात जास्त तावातावाने आम्हीच भांडतो.

आणि आपल्याला थेट लागणारी गोष्ट कोणीच लिहिली नाही. ग्रीन कार्डवर आलेले आईवडील. ६५ झाले तरी मेडिकेअर विकत घ्यायला पाच वर्षं इथे राहिलेलं असावं लागतं. मेडिकेडलाही १९९६च्या कायद्याने बहुतेकांना पाच वर्षांची अट. मधल्या काळात ओबामाकेअर हाच आधार होता, कारण तिथे पाच वर्षांची अट नाही. उत्पन्न अगदी कमी असलं तरी अशांना सबसिडी मिळायची. जुलैच्या कायद्याने ती १ जानेवारी २०२६ पासून बंद. २०२७ पासून तर सबसिडी बहुतांशी ग्रीन कार्डवाल्यांपुरतीच, आमच्यासारख्या व्हिसावाल्यांना नाही. आम्ही कर मात्र पूर्ण भरतो.

जर्सीची_जाई

बेंचवरचा, वाचनखूण साठवली. आमच्या सोसायटीत अशी तीन घरं आहेत, त्यांना अजून हे माहीत नाही.

आकडेमोड

राजकारणावर पानं झाली, बाईंचा दुसरा प्रश्न तसाच. टॅक्सचं काम करतो म्हणून लिहितो. आपल्या सीपीएला (करसल्लागाराला) विचारूनच पुढे जा.

वाढीव सबसिडी गेली म्हणजे २०१०च्या मूळ कायद्यातला नियम परत आला. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या ४०० टक्क्यांच्या आत असेल तर सबसिडी, एक डॉलर वर गेलात तर शून्य. २०२६साठी ही रेघ एकट्याला ६२,६०० आणि दोघांच्या घराला ८४,६०० डॉलर. तुम्ही ९० हजारांवर आहात, म्हणजे रेघेच्या जेमतेम पलीकडे.

आता उत्पन्न म्हणजे इथे करासाठी धरलं जाणारं उत्पन्न. ट्रॅडिशनल आयआरएमध्ये (निवृत्तीच्या खात्यात) टाकलेले पैसे त्यातून वजा होतात. पन्नाशीपुढच्यांना २०२६साठी प्रत्येकी साडेआठ हजारांच्या आसपास टाकता येतात, कंपनीचा प्लॅन नसल्याने तुम्हा दोघांनाही पूर्ण वजावट मिळावी. शिवाय स्वयंरोजगारवाल्याला सोलो ४०१(के) हे निवृत्तीचं खातं आहे, सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सच्या निम्म्याची वजावट आहे. २०२६पासून मार्केटप्लेसवरचे सगळे ब्राँझ (सगळ्यात स्वस्त दर्जाचे) प्लॅन एचएसएला, म्हणजे औषधपाण्याच्या करमुक्त बचत खात्याला, पात्र झालेत, तो घेतलात तर एचएसएचे पैसेही वजा. थोडक्यात, सहा हजार निवृत्तीसाठी बाजूला टाकले की तुम्ही ८४ हजारांवर येता. तिथे नियम उत्पन्नाच्या ९.९६ टक्क्यांचा, म्हणजे त्या सिल्व्हर प्लॅनला महिन्याला ७०० डॉलरच्या आसपास. २,३०० नाही.

आणखी एक, टेक्सासात गोल्ड प्लॅनचा दरही बघा. २०१७ मध्ये ट्रम्पनी कंपन्यांना मिळणारा एक परतावा थांबवला, कंपन्यांनी तो सगळा बोजा सिल्व्हरवर टाकला, त्यामुळे तुमच्या राज्यात गोल्ड बऱ्याच ठिकाणी सिल्व्हरहून स्वस्त पडतो. मुकाट्याने जुना प्लॅन रिन्यू करू नका.

टेक्सासतात्या

बघा! मी हेच सांगतोय पंधरा वर्षं! ८४,६०० वर एक डॉलर कमावला तर वर्षाला एकोणीस हजारांचा फटका. डब्याची ऑर्डर आली तर ही बाई नको म्हणणार, कारण इन्शुरन्स जाईल. हा कोणता कायदा? आणि ही रेघ घातली कोणी, जाई? २०१० मध्ये, कोणाच्या मतांनी?

पिंपळपार

रेघ डेमोक्रॅट्सनी घातली, सीनेटमध्ये नेमकी ६० मतं जमवताना. एकही मत गळून चालणार नव्हतं, म्हणून अपक्ष सीनेटर लीबरमननी सरकारी प्लॅनचा पर्याय उडवला, खर्च कमी दिसावा म्हणून रेघा आल्या. त्यानंतर जानेवारीत टेड केनेडींची जागाच रिपब्लिकन स्कॉट ब्राउननी जिंकली, ६० गेले, आणि दुरुस्तीची वाट जवळजवळ बंद झाली. नंतर ती रेघ पुसली ती डेमोक्रॅट्सनीच, २०२१ मध्ये, पण पेन्सिलीने. आणि आता परत कोणी गिरवू दिली? तात्या, तुमच्या पक्षाला ही रेघ एवढी डाचत असेल तर पुसायला बहुमत आहे की.

टेक्सासतात्या

पुसू, पण ३५० अब्ज न देता.

जर्सीची_जाई

संकल्पना येऊ द्या तात्या, संकल्पना :)

टेक्सासबद्दल मात्र मी एक लिहिणारच. प्लेनोकरांची निदान वाट निघाली. त्यांच्याच गावात एखादी एकटी बाई वर्षाला बारा हजार कमावत असेल तर तिला काहीच नाही. मार्केटप्लेसची सबसिडी दारिद्र्यरेषेच्या वरच्यांना, खालच्यांना मेडिकेड मिळेल असं कायदा धरून चालला होता. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश रॉबर्ट्सनी सक्तीचा दंड हा कर आहे म्हणून कायदा वाचवला, पण मेडिकेड वाढवणं राज्यांच्या मर्जीवर सोडलं. चाळीस राज्यांनी वाढवलं. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जियाने नाही. मिसूरी, ओक्लाहोमा, आयडाहो, नेब्रास्का, सगळी लाल राज्यं, तिथे लोकांनी थेट मतदानाने आणलं. टेक्सासात लोकांना असं थेट मत मागायची सोयच नाही.

डॉ_काडेचिराईत

त्या बाईचं काय होतं तेही लिहिते. शुगर वाढत राहते, पाय काळा पडेपर्यंत ती घरी थांबते, मग इमर्जन्सीत येते. तिथे तिला परत पाठवता येत नाही, १९८६चा रेगन यांच्या सहीचा कायदा आहे. पाय कापायचा खर्च निघतो, गोळ्यांचा निघत नाही.

शनवारपेठी

शटडाऊनपासून कापलेल्या पायापर्यंत आलो. आमच्याकडे फुले जन आरोग्य योजनेच्या यादीतलं हॉस्पिटल शोधताना लोक रडतात, वाटलं होतं तिकडे बरं असेल.

प्लेनोकर

सगळ्यांचे आभार, विशेषतः आकडेमोड आणि बेंचवरचा. नवऱ्याला पूर्ण धागा वाचून दाखवला. त्याचं म्हणणं, सहा हजार नाही, दहा टाकू, म्हणजे वर्षाअखेर एखादं काम जास्त आलं तरी रेघेच्या आत राहू. तात्या, तुम्ही म्हणता तसं डब्याची ऑर्डर मी नाकारणार नाही, पण मार्चनंतरच्या लग्नाच्या मोठ्या ऑर्डरी घेताना आता कॅल्क्युलेटर घेऊन बसावं लागणार हे खरं आहे, आणि त्याची चीड दोन्ही पक्षांवर आहे. त्यातल्या त्यात कोणावर जास्त, तर ज्यांच्या हातात यंदा सगळं होतं त्यांच्यावर. जाई, खूश होऊ नका, पेन्सिल वापरणाऱ्यांनाही सोडलेलं नाही.

आकडेमोड, दोन प्रश्न. शेवटची तारीख कोणती? आणि अंदाज चुकून उत्पन्न ८५ हजार झालंच तर?

आकडेमोड

१ जानेवारीपासून कव्हर हवं तर १५ डिसेंबरच्या आत प्लॅन निवडा. एनरोलमेंट १५ जानेवारीपर्यंत चालू असेल, पण मग कव्हर १ फेब्रुवारीपासून.

८५ हजार झालं तर आगाऊ मिळालेली सगळी सबसिडी टॅक्स भरताना परत द्यावी लागेल. पूर्वी कमी उत्पन्नवाल्यांना परतफेडीवर मर्यादा होती, २०२६पासून जुलैच्या कायद्याने तीही गेली. पण आयआरएचे पैसे २०२७च्या एप्रिलपर्यंत टाकता येतात, तेव्हा वर्ष संपल्यावर हिशेब करून कमी पडेल तेवढे टाका. त्यासाठी हातात रोख मात्र ठेवा.

टेक्सासतात्या

प्लेनोकर, आयआरएची जागा थोडी शिल्लक ठेवा आणि माझ्या पुतण्याच्या लग्नाची ऑर्डर घ्या. अडीचशे पानं आहेत. फोन करतो.